संघटनेच्या कचेरीत मदतीचा स्वतंत्र सर्व्हर असावा

सन २०२२ च्या सप्टेंबरातील गोष्ट. गुंजीहून गोव्याकडे निघालेली आमच्या पेढीची मालाची गाडी वाटेत तपासणीसाठी थांबविण्यात आली. गाडीत तांदळाच्या दहा-दहा किलोंच्या २४० पिशव्या होत्या. पिशवीचा दर ५०० रुपये, म्हणजे एकूण माल १,२०,००० रुपयांचा. पिशव्यांवर पेढीचे नाव व वजन छापलेले होते. बिलात कर लावलेला नव्हता, आणि धान्यास कर नाही या समजुतीने ई-वे बिलही काढलेले नव्हते. पाच टक्क्यांप्रमाणे कर ६,००० रुपये आणि त्याच्या दुप्पट दंड १२,००० रुपये असा हिशेब आमच्यापुढे ठेवण्यात आला. तो आम्ही मुकाट्याने भरला, कारण चूक सर्वस्वी आमची होती.

ही चूक कशी घडली हे सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे. आमच्या दुकानाच्या भिंतीवर दिवाणजींच्या सुवाच्य हस्ताक्षरातील एक चिठ्ठी चिकटविलेली होती : ‘ब्रँड नसलेल्या धान्यास जीएसटी नाही.’ १ जुलै २०१७ रोजी नवा कर लागू झाला, त्यानंतरची ती चिठ्ठी. आमच्यासारख्या लहान पेढीपुरती ती पाच वर्षे खरी होती. १८ जुलै २०२२ पासून मात्र नियम पालटला. ब्रँड असो वा नसो, आगाऊ पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर कर बसला. सुटे धान्य व २५ किलोंहून अधिक वजनाचे एकेक पोते त्यातून वगळले गेले. कित्येक गिरणीवाल्यांनी लगोलग २६ किलोंची पोती काढली, ती याचमुळे. ही बातमी आम्ही वाचलीही होती. परंतु ज्या तरुण कारकुनाने बिल केले त्याने भिंतीकडे पाहिले, आणि चिठ्ठीवर तारीख नव्हती. चिठ्ठी लिहिणारे दिवाणजी त्यापूर्वीच निवर्तले होते. अडतीस वर्षे त्यांनी पेढी सांभाळली. त्यांच्या खणात अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला, आणि त्यांतील कोणती अद्याप खरी व कोणती शिळी हे सांगणारे कोणी उरले नाही.

प्रत्येक सभासदाच्या पेढीत अशी एखादी भिंत व असा एखादा खण असणार, याविषयी आम्हांस शंका नाही. म्हणून आमची सूचना अशी की, आपल्या संघटनेने आपल्या धंद्याच्या माहितीचा, मराठीतील, स्वतःच्या मालकीचा एक मदत-सर्व्हर उभारावा. मोठ्या कंपन्या आपल्या यंत्रांसोबत जशी ‘हेल्प’ची पाने देतात, तशी आपल्या व्यापाराची पाने त्यात असावीत. संगणकाच्या नावाने बिचकणाऱ्या वडीलधाऱ्यांस आरंभीच सांगतो की, प्रस्तुत लेखक मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही. या कामातील यांत्रिक भाग पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्याने केला. आम्ही शेजारी खुर्ची टाकून बसलो व प्रत्येक गोष्टीला ‘हे कशाला?’ असे विचारीत राहिलो.

धंद्याचे ज्ञान लिहून ठेवण्याची कल्पना काही नवी नव्हे. दिल्लीच्या सुलतानी टांकसाळीशी संबंधित असलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ जैन गृहस्थाने १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. निरनिराळ्या राज्यांची नाणी, त्यांतील धातूंचे प्रमाण, त्यांचे मोल आणि धातू शुद्ध करण्याच्या रीती हा त्याचा विषय. भाषाही त्याने पंडितांची संस्कृत घेतली नाही. हा ग्रंथ त्याने आपल्या भावासाठी व मुलासाठी लिहिला. आपल्या गादीवर उद्या जो बसेल त्याला अडू नये, एवढाच हेतू. त्यात दिलेले नाण्यांचे भाव केव्हाच कालबाह्य झाले. नाणे कसे पारखावे ही रीत मात्र आजही वाचण्याजोगी आहे. आमच्या कामात या गोष्टीचा फार उपयोग झाला, कारण त्यावरूनच आम्ही पाने दोन जातींत विभागली. दर, कर व मुदती यांची पाने नासणारी. माल पारखणे, थप्पी लावणे, बारदानाचा धडा वजा करणे यांची पाने टिकणारी. नासणाऱ्या पानावर तारीख ठळक हवी.

आता यंत्राकडे वळू. पुतण्याने ‘एक्लिप्स’ या नावाच्या प्रणालीतील मदत-विभाग वापरला. ही प्रणाली आयबीएम कंपनीने २००१ साली सर्वांसाठी खुली केली आणि २००४ पासून तिचा कारभार एक स्वतंत्र संस्था पाहते. मूळची ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहे. पण तिचा मदतीचा भाग तेवढा बाजूला काढून एकटा चालविता येतो. त्यास ‘इन्फोसेंटर’ म्हणतात. आयबीएम स्वतः आपल्या अनेक उत्पादनांची माहिती पुष्कळ वर्षे याच पद्धतीने देत असे. त्यासाठी परवान्याचा पैसा पडत नाही.

काम समजण्यास कठीण नाही. प्रत्येक विषयाचे एक साधे एचटीएमएल पान लिहावयाचे. सर्व पाने एका फोल्डरात ठेवावयाची. त्याच्या जोडीला दोन लहान फायली लागतात : एकीत ‘हे पुस्तक आमचे’ अशी नोंद, दुसरीत अनुक्रमणिका. नंतर जावा या प्रणालीच्या साहाय्याने एका ओळीचा हुकूम दिला की तो संगणक सर्व्हर होतो. दुकानातील वाय-फायवर असलेल्या कोणत्याही मोबाईलच्या ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा पत्ता व पोर्टचा आकडा टाकला की डाव्या अंगास अनुक्रमणिका, उजवीकडे पान आणि वर शोधाची चौकट दिसू लागते. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी काही बिघडत नाही. गुंजीच्या पावसाळ्यात नेटवर्क किती वेळा जाते हे येथे राहणाऱ्यास सांगावयास नको. जुलै महिन्यात मोबाईलवरील मदत ही बहुधा आकाशातील मदत असते.

पहिल्या दिवशी एक गंमत झाली. पान उघडले तो सर्वांत वर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची जाडजूड इंग्रजी पुस्तके, आणि त्यांच्या तळाशी आमचे ‘भाताची खरेदी’. प्रणालीबरोबर तिची स्वतःची पुस्तके आली होती. ती काढून टाकणे, क्रम ठरविणे, वर संघटनेचे नाव घालणे हे सर्व एका मांडणीच्या फायलीतून करावे लागले. घर आपले असले तरी आधीच्या भाडेकरूचे सामान हलविल्याखेरीज ते आपले दिसत नाही!

दुसरी अडचण अधिक त्रासदायक होती. जुनी परिपत्रके व दरपत्रके छापखान्यातील जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्या पद्धतीत ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसतेच. ते कोणते तरी इंग्रजी चिन्ह असते आणि केवळ फॉन्टमुळे ‘क’सारखे दिसते. पान ब्राउझरमध्ये आणताच त्याची भुतावळ झाली. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, तरी आपल्या कचेऱ्यांतील बहुतेक जुनी कागदपत्रे तेथवर पोचलेली नाहीत. काही पाने रूपांतर करून घेतली, उरलेली सरळ पुन्हा टाइप केली. संघटनेने यापुढे प्रत्येक परिपत्रक युनिकोडमध्येच काढावे, ही आमची पोटसूचना; सर्व्हर होवो वा न होवो.

परंतु खरा प्रश्न शोधाचा. मदतीच्या पानांत मनुष्य अनुक्रमणिका चाळीत बसत नाही, तो शब्द टाकतो. आमच्या शेजारच्या दुकानदाराने ‘पोते’ हा शब्द टाकला आणि यंत्र म्हणाले, काही सापडले नाही. पानात ‘पोत्याचे वजन’, ‘पोत्यांवर’, ‘पोत्यातून’ असे शब्द दहा वेळा आलेले होते! मराठीत नामाला विभक्ती लागताच त्याचे अंग बदलते. ‘पोते’ व ‘पोत्या’ हे एकाच घरचे आहेत हे त्या यंत्रास ठाऊक नव्हते. ‘पोत’ लिहून पुढे तारका घातली तर सापडते खरे, पण गिऱ्हाईक समोर उभे असताना तारका कोण घालणार? तशात आपल्या सीमाभागात एकाच वस्तूला चार नावे. कोणी पोते म्हणतो, कोणी गोणी, कोणी बारदान, आणि कन्नड बोलणारा हमाल चीला म्हणतो. आम्ही भात म्हणतो त्याला सरकारी कागद धान म्हणतो, कन्नडमध्ये तोच भत्ता. ‘भात’ टाकून भाताची खरेदी पाहणाऱ्यास ‘धान’ असे लिहिलेले पान कसे मिळावे?

यावर उपाय यंत्रातच होता. अनुक्रमणिकेखेरीज शब्दांची एक स्वतंत्र सूची देता येते आणि अनेक शब्द एकाच पानाकडे वळविता येतात. आम्ही दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांस, हमालांस, गाडीवानांस ‘तुम्ही याला काय म्हणता?’ असे विचारून ती सूची भरली. शिवाय प्रत्येक पानाचा मथळा मूळ रूपात ठेवला : ‘पोते : वजन व धडा’. पुतण्याच्या मते ही सूची हेच सर्व कामातील सर्वांत मोलाचे पान आहे, आणि ते लिहिण्यास इंजिनियर लागला नाही.

आज आमच्या दुकानातील प्रतीत एकतीस पाने आहेत. पॅक केलेल्या मालाच्या कराचे पान अर्थातच पहिले. त्यात नियमाबरोबर उदाहरणे आहेत : नेमक्या २५ किलोंच्या पिशवीस कर आहे, तीच पिशवी विकत घेऊन किरकोळ दुकानदाराने सोडली व तांदूळ सुटा विकला तर त्या सुट्या विक्रीस नाही, दहा-दहा किलोंच्या किरकोळ विक्रीच्या पाच पिशव्या एका मोठ्या पोत्यात भरल्या तरी कर चुकत नाही. करमाफ धान्यास ई-वे बिल लागत नाही, करपात्र माल ५०,००० रुपयांवर गेला की लागते, आणि सामान्य मालवाहतुकीस त्याची मुदत २०० किलोमीटरांस एक दिवस या हिशेबाने मोजतात. १ जानेवारी २०२१ पूर्वी हे अंतर १०० किलोमीटर होते. अजूनही कित्येक गाडीवानांच्या तोंडी जुनाच आकडा असतो.

कीड मारण्याच्या गोळ्यांचे पान आम्ही मुद्दाम कडक शब्दांत लिहिले आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. हा वायू मनुष्यासही तितकाच घातक आहे, म्हणून त्या गोळ्यांच्या विक्रीवर व वापरावर निर्बंध आहेत. दुकानाच्या मागेच बिऱ्हाड असणारे आपले पुष्कळ सभासद आहेत. तेव्हा त्या पानावर ‘स्वतः करू नका, परवानाधारकास बोलवा’ हे वाक्य सर्वांत वर आहे, आणि घरात मुले निजत असलेल्या खोलीला लागून गोळ्या लावलेली थप्पी असू नये हे त्याखाली. असे पान भिंतीवरच्या चिठ्ठीत मावत नाही.

आमच्या सूचनेवर जे आक्षेप निघाले त्यांचा विचार करणे उचित होईल. एक मित्र म्हणाले, आता मोबाईलला प्रश्न विचारला की तो मराठीत उत्तर देतो, मग हा खटाटोप कशासाठी? आम्हीही मोबाईलला विचारतो, आणि पुष्कळदा उत्तर चांगले येते. परंतु ते कोणत्या तारखेच्या नियमावर आधारले आहे हे कळत नाही, आणि गुंजीत पोते उतरविण्याची हमाली किती, खानापूरच्या बाजारात कडता कसा धरतात, हे त्यास कोणी सांगितलेलेच नाही. जे कोठेच लिहिलेले नाही ते कोणते यंत्र वाचणार? व्हॉट्सॲपच्या गटावर सर्व माहिती येतेच, असेही काहींचे म्हणणे. येते खरी, पण सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली जाते, आणि तीन महिन्यांपूर्वीचा निरोप व कालचा निरोप तेथे सारख्याच अधिकाराने बोलतो.

दुसरा आक्षेप असा की, धंद्यातील गुपिते लिहून ठेवली तर प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातील. गुपित कोणते, हे आधी ठरवावे. आपला खरेदीचा भाव, आपले गिऱ्हाईक, आपली पत ही गुपिते; ती या पानांत येण्याचे कारण नाही. अर्ज कसा भरावा, ओलावा कसा मोजावा हे ज्ञान लपवून कोणी श्रीमंत झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्यापायी दंड भरलेले मात्र पाहिले आहेत, व त्यांत आम्हीही आहोत.

एका सूचनेस मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. उधारी बुडविणाऱ्यांची यादी या सर्व्हरवर घालावी असे काही तरुण सभासदांनी सुचविले. हे कदापि होऊ नये. आज ज्याचे पैसे थकले तो उद्या भरतो, यादीतले नाव कोणी पुसत नाही. रागाच्या भरात एखाद्याने खोटे नाव घातले तर त्या कुटुंबाची पत जाते आणि संघटना कोर्टात उभी राहते. या यंत्रात कोणाही व्यक्तीचे नाव, खाते वा फोन असू नये. केवळ रीती व नियम असावेत. अपवाद एकच : प्रत्येक पानाखाली ते कोणी लिहिले व कोणत्या तारखेस तपासले, एवढे असावे. कराच्या पानाखाली ‘निर्णयापूर्वी आपल्या कर-सल्लागारास विचारावे’ असेही आम्ही घातले आहे, कारण पान चुकू शकते.

खर्चाविषयी थोडक्यात. जुना पण धड असलेला एक डेस्कटॉप संगणक, एक यूपीएस, एक राउटर. विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढण्याची आठवण. एक्लिप्सच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. ही पद्धत आता जुनी झाली असून थोडी जड आहे असे पुतण्याच म्हणतो. नुसती एचटीएमएल पाने कोणत्याही साध्या वेब-सर्व्हरवर ठेवता येतात. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचण्यासाठी २००७ साली निघालेल्या ‘किविक्स’चीही वाट आहे. आमची अट एवढीच की, आज बसविणारा मुलगा उद्या परगावी गेला तरी दुसऱ्या मुलास ते उघडून समजावे. पाने साध्या फायलींत असली की यंत्र बदलता येते.

दुसरा विचार अंतराचा. संघटनेची कचेरी एकीकडे आणि सभासद गुंजी, खानापूर, बेळगाव, निपाणी असे पसरलेले. कचेरीतील वाय-फाय निपाणीस पोचत नाही. म्हणून मूळ प्रत कचेरीत असावी व तिच्या नकला ठिकठिकाणच्या एकेका दुकानात चालाव्यात. महिन्यातून एकदा मासिक सभेस येणाऱ्याने नवी पाने पेनड्राइव्हवर न्यावीत. पहिल्या पानावर नकलेची तारीख असली म्हणजे वाचणाऱ्यास ती किती शिळी हे कळेल. सर्व्हर बाहेरच्या जगास उघडा करण्याची घाई नको. निपाणीच्या बंधूंचा माल निराळा; तंबाखूची पाने त्यांनीच लिहिली पाहिजेत, आम्हांस त्यातले काही कळत नाही.

यंत्रापेक्षा माणूस महाग पडणार, हे आम्ही लपवीत नाही. पाने ताजी ठेवण्यास एक जबाबदार व्यक्ती हवी. आमच्या मते मानधन देऊन एखाद्या पदवीधर मुलीस वा मुलास आठवड्यातून दोन दुपारी बसवावे आणि तिच्यामागे तीन जाणत्या सभासदांची समिती असावी. सहा महिन्यांत न तपासलेले नासणारे पान काढून घेण्याचा अधिकार त्या समितीस असावा. मग ते अध्यक्षांनी लिहिलेले का असेना. स्मरणिकेच्या छपाईवर आपण दरवर्षी जो खर्च करतो त्याचा काही अंश इकडे वळविला तर चालेल काय, असा प्रश्न याच स्मरणिकेत विचारण्याचे धाडस संपादकांनी खपवून घ्यावे.

भिंतीवरची ती चिठ्ठी आम्ही फाडली नाही. तिच्यावर लाल शाईने ‘१७ जुलै २०२२ पर्यंत’ असे लिहून ती दिवाणजींच्या खणात ठेवली आहे. खणातील उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी चौदा तपासून पानांत घेतल्या, नऊ बाद केल्या. सतरा अद्याप कळत नाहीत. हमालीच्या दराचे पान मथळा घालून कोरे ठेवले आहे. गुंजीचा दर आम्ही भरू. खानापूर, बेळगाव व निपाणी येथील सभासदांनी आपापल्या बाजारातील दर, ठरल्याच्या तारखेसह, येत्या मासिक सभेस लिहून आणावेत.